भवानीचं गिऱ्हाईक

“असलं वाक्य माझ्या तोंडातनं यायचं न्हाई,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी समोरचा माईक दोन बोटांनी बाजूला सारला.

“आप्पा, तीन शब्द आहेत. ‘माल संपला आहे.’ एवढंच म्हणायचंय.”

“दुकानात बसून संपला म्हणायचं? तुझ्या आज्ज्यानं पाठीत धपाटा घातला असता.”

“मग दुकानदार काय म्हणतो?”

“उद्या येतोय म्हणतो. वाटंतच हाय म्हणतो.”

“आणि उद्या आला नाही तर?”

“मग परवा येतोय म्हणायचं. धंदा हाय ह्यो, कोर्ट न्हवं.”

इचलकरंजीतल्या एका कापड दुकानाच्या माळ्यावर, चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये आम्ही दोघं अवघडून बसलो होतो. हे गठ्ठे म्हणजे आमच्या कंपनीचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. मागच्या गल्लीत यंत्रमाग दिवसभर खडखडत असायचे, त्यामुळे आवाज घ्यायचा तो लाईट गेल्यावरच. लाईट गेली की सगळं गाव कपाळाला हात लावायचं आणि आम्ही तिघं माळ्यावर धावत सुटायचो.

तिघं म्हणजे मी, अमोघ आणि तौफिक. अमोघ कुडचे हा खालच्या कापड दुकानाचा वारस, म्हणजे जागा त्याची, म्हणून तो डायरेक्टर. तौफिक बागवानच्या वडिलांचा फळांचा गाळा होता आणि तौफिकला प्रोग्रामिंग येत होतं, म्हणून सगळं काम तौफिकचं. मी सन्मती, नेमगोंडा चौगुल्यांची एकुलती एक मुलगी. आप्पांचं किराणा दुकान होतं आणि मला त्यात बसायचं नव्हतं, म्हणून मी संवादलेखिका.

आमच्या खेळाचं नाव ‘अंधारदरी’. एक वीर घरातून निघतो, जत्रेतून जातो, नदी ओलांडतो आणि शेवटी दरीतल्या राक्षसाला मारतो. नदीपलीकडच्या गावात एक वाणी असतो. वाटेत मारलेल्या लांडग्यांची कातडी त्याला विकायची आणि त्याच्याकडून दोर, दिवा, गूळ, तलवार विकत घ्यायची, एवढंच त्याचं काम. अमोघनं तर त्याला चेहराही धड काढू दिला नव्हता. “कोण बघतंय वाण्याकडं? राक्षसाच्या शेपटीवर पैसे घालू,” हे त्याचं धोरण. वाण्याच्या वाट्याला पाच वाक्यं आली आणि आवाजाला मानधन शून्य. असा कलावंत साऱ्या तालुक्यात एकच होता आणि त्यालाही मी ‘नुसतं गठ्ठ्यावर बसायचंय’ असं सांगून आणलं होतं.

“बरं, पुढचं म्हणा,” मी कागद पुढं केला. “‘आणा ते कातडं, मी विकत घेतो.’”

आप्पांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“ह्यो गडी कवा येतोय दुकानात?”

“कोण, वीर? रात्रभर चालून आलेला असतो. सकाळी.”

“भवानी झालेली असती का?”

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती झाल्याशिवाय आप्पांच्या गल्ल्यातून दमडी बाहेर जात नसे. दूधवाला, पेपरवाला, वर्गणीवाले, सगळ्यांना माहीत होतं. एकदा आईला सकाळी रिक्षाचे पैसे हवे होते, तर आप्पांनी तिला आधी हळदीचा पुडा विकत घ्यायला लावला होता. त्या रागात आईनं पुढं आठवडाभर हळदीवाचून पांढऱ्या भाज्या वाढल्या.

“तुझा वाणी भवानीआधी पैसे मोजून देणार आणि त्येला माझा आवाज?” आप्पा म्हणाले. “लोक काय म्हणतील? नेमगोंडाचं डोस्कं फिरलं म्हणतील.”

“मग तुम्हीच सांगा वाक्य.”

आप्पांनी माईक स्वतःहून जवळ ओढला. पाठ ताठ केली. आणि गल्ल्यावरचा तो खास आवाज, ज्यात गोडवाही असतो आणि पुढं बोलायची सोयही नसते, तो काढून म्हणाले, “या, बसा. भवानी व्हायचीय अजून. आधी कायतरी घ्या, मग तुमचं बघू.”

गठ्ठ्यांच्या बाहेर बॅटरीवरच्या लॅपटॉपजवळ बसलेल्या तौफिकनं अंगठा वर केला. इतकं झकास वाक्य आमच्या राक्षसालाही मिळालं नव्हतं. तौफिकनं त्याच संध्याकाळी खेळात तसा नियमही बसवून टाकला. आधी खरेदी, मग वाण्याच्या गल्ल्यातून पैसे. आम्हा तिघांपैकी एकालाही त्यात वावगं काही दिसलं नाही. दुकानदारांच्या पोरांना ते सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं सरळ वाटलं.

जिना उतरताना आप्पांनी गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, “ती पुण्याची बाई कवा यायचीय?”

“शुक्रवारी.”

“तिनं तुमचा खेळ घेतला तर?”

“तर कंपनी उभी राहील. पगार मिळेल. मी माझ्या पायावर.”

“आणि न्हाई घेतला तर?”

“तर पाडव्यापासून मी गल्ल्यावर. ठरलंय की आपलं.”

“ठरलंय खरं.” ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. “गल्ल्यामागं पंखा बसवून घेतलाय तुझ्यासाठी. आवाज करत न्हाई अजिबात.”

मला त्या पंख्याची भीती वाटली. दुकान मला नावडतं नव्हतं. त्यातल्या वासासकट ते मला पाठ होतं. पण साबणाच्या वड्या आणि शेंगदाणे यांच्यामध्ये बसून माझ्या डोक्यातल्या गोष्टी एकेक करून विझतील, असं मला मनापासून वाटायचं. आणि आप्पांचे गुडघे गेले होते, हेही दिसत होतं. नोकर ठेवला की तो काजू खातो अशी त्यांची तक्रार, आणि न खाणारा नोकर मिळाला की तो मनात नक्की काहीतरी शिजवतोय असा संशय. त्यांना घरचंच माणूस हवं होतं, आणि घरचं माणूस म्हणजे मीच.

शुक्रवारी गौतमी सबनीस आल्या. पुण्यातल्या एका कंपनीसाठी त्या नवे खेळ निवडायच्या. वय चाळिशीचं, केस आखूड, आणि चेहऱ्यावर ‘मला गुंतवून दाखवा’ असा भाव. अमोघनं नवा शर्ट घातला होता, त्याची किंमत कॉलरवर तशीच लटकत होती. त्यानं राक्षसाच्या शेपटीबद्दल इतकं लांबलचक भाषण केलं की शेवटी बाईंनीच हात पुढं केला.

“रिमोट द्या. आणि मी खेळत असताना कुणी काही सुचवायचं नाही. दुकानातून खेळ आणणाऱ्याच्या घरी तुम्ही सुचवायला जाणार नाही ना?”

आम्ही तिघं भिंतीला चिकटून उभे राहिलो. आप्पा दुकान बंद करून आले होते आणि मागच्या गठ्ठ्यावर टोपी सावरून बसले होते. आपला आवाज कधी येतोय हे ऐकण्यापुरतंच आलोय, असं त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

सुरुवात झकास झाली. बाईंनी दोन लांडगे मारले, कातडी पाठीवर टाकली आणि त्या जत्रेत शिरल्या. जत्रेत आम्ही हौसेनं खूप काही मांडलं होतं. त्यात मोरपिसाची एक पगडी होती. तिचा उपयोग काहीच नव्हता, नुसती दिसायला छान.

“अय्या, पगडी!” बाई म्हणाल्या आणि वीराच्या कमरेची जवळजवळ अख्खी थैली त्या पगडीवर उधळून मोकळ्या झाल्या. उरलेला एकच पैसा त्यांनी नदीवर नावाड्याला दिला.

माझ्या शेजारी तौफिक कुजबुजला, “थैली रिकामी केली की तिनं.”

“मग?” अमोघ कुजबुजला.

“मग काय? कुणी करतं का असं?”

तेव्हा आम्हा तिघांच्या एकाच वेळी ध्यानात आलं. सहा महिने आम्ही हा खेळ खेळत होतो. रात्रंदिवस, उलटासुलटा, डोळे मिटूनसुद्धा खेळून झाला होता. पण थैली रिकामी करून त्या वाण्याच्या दारात आमच्यापैकी एकही जण कधी गेला नव्हता. शेवटचा पैसा मोडायचा नाही, हे आम्हाला कुणी शिकवलंही नव्हतं. ते किराण्याच्या, फळांच्या आणि कापडाच्या घरात आईच्या दुधाबरोबरच पोटात जातं. पगारदार माणूस पहिल्याच जत्रेत पगडी घेऊन मोकळा होतो, हे आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बाई वाण्याच्या दुकानात गेल्या. कातडं पुढं केलं.

“या, बसा,” आप्पांचा आवाज आला. “भवानी व्हायचीय अजून. आधी कायतरी घ्या, मग तुमचं बघू.”

गौतमीबाई खळखळून हसल्या. मागं आप्पा घसा खाकरले. बाईंनी पुन्हा कातडं पुढं केलं.

“या, बसा. भवानी व्हायचीय अजून. आधी कायतरी घ्या, मग तुमचं बघू.”

“अहो, पण घेऊ कशानं? पैसे नाहीयेत माझ्याकडे. हे विकत घ्या, म्हणजे येतील.”

“या, बसा. भवानी व्हायचीय अजून.”

चौथ्या वेळी त्या हसल्या नाहीत. त्यांनी पगडी विकून पाहिली. वाणी तीही घेईना. दोराशिवाय दरीत उतरता येईना. परत नदीवर गेल्या, तर नावाडी पैसा मागायला लागला. पुढं रस्ता नाही, मागं रस्ता नाही, आणि मध्ये मोरपिसाची पगडी घालून उभा असलेला आमचा वीर. इतका मूर्ख दिसणारा वीर मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

तौफिक पुढं झाला. “मॅडम, दोन मिनिटं द्या. मी आतून बदलतो.”

“नको,” त्यांनी रिमोट खाली ठेवला. “पहिल्याच गावात खेळ अडकतो, आणि तुम्हा तिघांना पत्ता नाही. इतक्या दिवसांत दिसलं नाही ते दोन मिनिटांत दुरुस्त केलंत, तर आत आणखी असं काय काय असेल? सॉरी. चित्रं सुंदर आहेत हं.”

चित्रं सुंदर आहेत म्हणजे काय, ते आम्हाला कळत होतं. मुलगी बघायला आलेले लोक ‘पोहे छान होते’ म्हणतात, तसलंच. बाई चप्पल शोधायला लागल्या. अमोघच्या कॉलरवरची किंमत भिंतीला लागून डुगडुगत होती. माझ्या डोळ्यांसमोर आवाज न करणारा तो पंखा फिरायला लागला. मी आप्पांकडे पाहिलं नाही. मला त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायचा नव्हता, आणि तो दिसला असता तर त्यांना दोष देण्याचं धैर्यही माझ्यात नव्हतं.

“तौफिक,” मागून आप्पांचा आवाज आला. खरा, गठ्ठ्यावरचा. “ते दुसरं रिमोट कशाला असतंय?”

“ते सोबत्याला, आप्पा. दोघं जण मिळून खेळायचं असलं तर.”

“सोबत्याकडं पैसे असत्यात?”

तौफिकनं झटकन पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “असतात. सुरुवातीचे सगळे असतात.”

“आणि दुकान एकच? भवानी कुणीबी केली तर चालती?”

“चालते.”

आप्पा उठले. गुडघ्यांनी त्यांना दोनदा परत बसवलं, तिसऱ्यांदा ते उभे राहिले. येऊन त्यांनी दुसरा रिमोट उचलला, उलटा धरला. तौफिकनं तो सुलटा केला.

“बाई, जरा बसता का?” ते म्हणाले. “तुमी माझ्या दुकानातनं मोकळ्या हातानं निघालाय.”

“काका, तुमचं दुकान?”

“आवाज माझाच की.”

गौतमीबाईंच्या एका पायात चप्पल होती. त्या तशाच बसल्या.

त्यापुढचा अर्धा तास मी माझ्या आयुष्यात विसरणार नाही. आप्पांचा सोबती घरातून निघाला तो आधी स्वतःच्याच गोठ्यात शिरला. मग भिंतीला नाक लावून बराच वेळ चालत राहिला.

“काका, डावीकडे,” बाई म्हणाल्या.

“डावंच दाबतोय की.”

“ते उजवं आहे.”

“मग तुमी तसं लिहायला पायजे व्हय वर!” हे आम्हाला.

लांडगा आला तेव्हा त्यांनी रिमोटच उगारला. लांडग्यानं त्यांना दोनदा मारलं. तिसऱ्यांदा ते पळाले, आणि पळणं मात्र त्यांना उत्तम जमलं. जत्रेत पगडीवाला हाका मारत होता. “पगडी न्हाई लागत बाबा, टोपी हाय,” असं त्याला पडद्यातच ऐकवून ते पुढं गेले. गौतमीबाईंना ठसका लागला. नावाड्याजवळ मात्र ते थांबले.

“ह्येला अख्खा पैसा? एवढ्यात कोल्हापूरला जाऊन येतंय माणूस. कुणी ठरवलं हे?”

“मी ठरवलंय, आप्पा,” मी म्हणाले.

“म्हणूनच,” ते म्हणाले आणि मोठ्या नाराजीनं एक पैसा दिला.

अखेर सोबती वाण्याच्या दारात पोचला. मागच्या गल्लीत माग खडखडत होते.

“या, बसा,” पडद्यातले आप्पा म्हणाले. “भवानी व्हायचीय अजून. आधी कायतरी घ्या, मग तुमचं बघू.”

खऱ्या आप्पांनी टोपी नीट केली. गिऱ्हाईक म्हणून कुठल्या दुकानासमोर उभं राहायची त्यांना सवय नव्हती. ते त्या बिनचेहऱ्याच्या वाण्याकडे बघत राहिले, आणि मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. गठ्ठ्यावर नुसतं बसून राहिले असते तरी त्यांचं काम झालं असतं, हे आम्हा दोघांना लख्ख माहीत होतं. मी पाडव्याला गल्ल्यावर बसले असते. एका शब्दानंही त्यांना मला सांगावं लागलं नसतं.

“गुळाचा खडा दे,” ते पडद्याला म्हणाले. “चांगला बघून दे. आणि लौकर. बाई खोळंबल्यात.”

त्यांचा अंगठा बटणावर टेकला. गल्ल्यात नाणं पडल्याचा आवाज झाला. वाण्यानं ते नाणं कपाळाला लावलं. ते चित्र अमोघनं आदल्या रात्री गुपचूप करून घेतलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

“विका आता तुमचं कातडं,” आप्पांनी रिमोट ठेवून दिला.

गौतमीबाईंनी कातडं विकलं, दोर घेतला आणि त्या दरीत उतरल्या. खाली त्यांची गाडी हॉर्न देत राहिली. एकदा त्या खिडकीतून ओरडल्या, “थांबा हो!” राक्षस मेला तेव्हा दिवेलागण झाली होती. शेपटीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

“खेळ घेते मी,” त्या म्हणाल्या. “दरीतल्या दुरुस्त्या सांगेन नंतर. तो वाणी मात्र तसाच ठेवा. फक्त जत्रेत एखादी म्हातारी बसवा, शेवटचा पैसा मोडू नका म्हणून ओरडणारी. आमच्यासारख्यांसाठी.” आणि दुसरी चप्पल घालून त्या गेल्या.

अमोघ आणि तौफिक एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होते. मी आप्पांना धरून जिना उतरत होते. दुकान त्यांनी पुढं दोन वर्षांनी विकलं, आज तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. घरचं माणूस काही त्यांना मिळालं नाही. पण तेव्हा ते सगळं पुढचं होतं.

“आप्पा,” मी मधल्या पायरीवर म्हणाले, “तुम्ही गप्प बसला असता तर मी दुकानात आले असते.”

“ठावं हाय की. मला काय अक्कल न्हाई?”

“मग का उठलात?”

“भवानीचं गिऱ्हाईक मोकळं चाललं हुतं. बघवलं न्हाई.”

“तेवढंच?”

मला रडू येत होतं आणि ते मी लपवलंही नाही. आप्पांनी कठडा धरून दम घेतला. खालच्या दारापर्यंत आल्यावर त्यांना एकदम काहीतरी आठवलं.

“व्हय गं, त्यो गूळ कुठं गेला? पैसे दिलं की मी.”

“तुमच्या झोळीत आहे, खेळात.”

“काय करायचं त्येचं?”

“खायचा. ताकद येते. लांबचा पल्ला गाठता येतो.”

आप्पांनी रस्त्याकडे पाहिलं. पलीकडच्या कोपऱ्यावर त्यांच्या दुकानाचं बंद शटर दिसत होतं.

“मग तूच खा त्यो,” ते म्हणाले. “मला काय, हितनं दुकानापतूरच जायाचंय.”